बांबूचा टेकू काढा, आधी वासा तपासा

वाचकाचं पत्र:

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात आहे. कौलारू, चिऱ्याचं, पुढे ३२ फूट लांब पडवी. सात वर्षांपूर्वी सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून पडवीला पन्हळ बसवून घेतली. चार-चार फुटांवर लोखंडी पट्टीचे क्लॅम्प आहेत आणि पाणी उतरायला एकाच टोकाला तीन इंची पाइप. गेल्या वर्षी पन्हळ मधोमध झोळीसारखी लोंबायला लागली. यंदा तर पायऱ्यांवर बरोबर मध्यावर धार पडते. मामंजींनी (वय ७४) खालून बांबूचा टेकू दिला आहे आणि दर दोन-चार दिवसांनी शिडी लावून ते पाला काढतात. गावातले सुतार म्हणतात, तारेने बांधून टाकू. बाजारातले दुकानदार म्हणतात, सगळी काढून अ‍ॅल्युमिनियमची नवी घ्या. गणपतीला तीन आठवडे उरलेत, घरात वीस माणसं यायची आहेत. आम्ही डोंबिवलीत, लांबून काय ठरवायचं कळत नाही. शिवाय जोत्याजवळची भिंतही एका कोपऱ्यात ओली दिसते. कोणाचं ऐकू?

उत्तर:

ताई, आज रात्रीच गावी फोन करा आणि मामंजींना सांगा की आता शिडीवर चढायचं नाही. पावसाळ्यात अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, शिडीचा पाय सरकायला एक क्षण पुरतो. दुसरं म्हणजे, आपल्याकडच्या बहुतेक घरांत विजेची सर्व्हिस वायर पडवीच्या पाख्याजवळूनच आत येते. ओला हात, अ‍ॅल्युमिनियमची शिडी आणि जुनी वायर एकत्र आली की काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे, दुसऱ्यांदा पाहायची इच्छा नाही. पाला काढायला तरणा गडी बोलवा, शिडी धरायला दुसरा माणूस उभा करा, आणि पाऊस थांबून अंगण निथळल्यावरच हे काम होऊ द्या.

आता पन्हळीकडे येऊ. सुतार तार बांधायला निघालेत, दुकानदार नवी पन्हळ द्यायला निघालेत. पण ज्या वाशांना ती पन्हळ टांगली आहे त्या वाशांची टोकं कोणी हाताने चाचपून पाहिली, असं तुमच्या पत्रात कुठेच नाही. लोंबलेल्या पन्हळीचं खरं दुखणं निम्म्या वेळा पन्हळीत नसतंच, ते तिला धरणाऱ्या लाकडात असतं. हे मी ठेच लागून शिकलो. एका घराला मी स्वतः उभा राहून मे महिन्यात नवीकोरी पत्र्याची पन्हळ लावून दिली होती. जुलैत एका रात्री ती अख्खी अंगणात आली. सकाळी जाऊन पाहिलं तर पत्रा धड, क्लॅम्प धड, स्क्रूही सरळ. फक्त प्रत्येक स्क्रूच्या आट्यांत ओल्या लाकडाचा भुसा भरलेला. वाशांची टोकं आतून कुजली होती आणि वरून रंग असल्यामुळे मला ती दिसली नव्हती. त्या घरच्यांचा खर्च दोनदा झाला, आणि तो माझ्यामुळे झाला.

म्हणून तपासणी अशी करायला सांगा. मोठा पेचकस घ्यायचा आणि प्रत्येक वाशाच्या टोकाला, क्लॅम्पच्या आजूबाजूला आणि विशेषतः वाशाच्या वरच्या अंगाला, कौलांच्या खाली, जोर देऊन टोचायचा. चांगल्या लाकडात टोक जेमतेम रुतून थांबतं आणि टणक लागतं. कुजलेल्यात ते लोण्यात शिरावं तसं जातं आणि काढताना काळपट ओला चुरा घेऊन येतं. वाळवी असेल तर टोचल्यावर पोकळ आवाज येतो आणि आत मातीच्या नळ्या दिसतात. ३२ फुटांच्या पडवीला साधारण सोळा-सतरा वासे असतील, अर्ध्या तासाचं काम आहे. कुठल्या वाशाचं काय ते खडूने त्याच्यावरच लिहून ठेवायचं आणि मोबाइलवर फोटो काढून तुम्हाला पाठवायचे.

त्याच वेळी पन्हळ नेमकी कशी लोंबली आहे तेही पाहायला सांगा, कारण लोंबण्याचेही प्रकार आहेत. क्लॅम्प जागच्या जागी घट्ट आहेत आणि फक्त दोन क्लॅम्पच्या मधला पाइप खाली आला आहे, तर क्लॅम्प लांब लांब लावले एवढाच दोष. क्लॅम्पची पट्टीच पुढे वाकून खाली आली आहे, तर पट्टी पातळ होती. आणि क्लॅम्प स्क्रूसकट किंवा खिळ्यासकट लाकडातून सुटून आला असेल, तर लाकूड गेलं, किंवा मुळात खिळा ठोकला होता. खिळा पावसाळ्यात पक्का वाटतो कारण लाकूड फुगलेलं असतं. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, खिळा ढिला होतो. असे पाच-सहा उन्हाळे गेले की तो दातासारखा हलायला लागतो.

तुमच्याकडे माझ्या अंदाजाने पहिला दोष नक्की आहे. चार फुटांवर क्लॅम्प म्हणजे एक वासा सोडून एक. चिरलेल्या पाइपला ते अजिबात पुरत नाही. अखंड पाइप ताठ असतो कारण तो गोल असतो. तो उभा चिरला की त्याचा ताठपणा बराचसा जातो, आणि त्यात कारखान्यात केलेल्या पन्हळीसारख्या वळवलेल्या कडाही नसतात. पीव्हीसी उन्हात तापून नरम पडतं आणि कायम वजन असलं तर हळूहळू वाकतं. एकदा वाकलं की पुन्हा पूर्ण सरळ होत नाही.

वजन किती असतं याची कल्पना सहसा येत नाही. सहा इंची अर्ध्या पाइपमध्ये एका मीटरला नऊएक लिटर पाणी मावतं. तुमची ३२ फुटांची पन्हळ तुडुंब भरली तर ८५ लिटरच्या वर, म्हणजे ८५ किलोच्या वर वजन त्या पट्ट्यांवर येतं. भरल्या अंगाचा माणूस पन्हळीत आडवा झोपल्यासारखं आहे ते. आणि हे नुसत्या पाण्याचं झालं. आंब्या-जांभळाची पानं, कौलांवरून सुटलेलं शेवाळ, कौलांचा लाल चुरा यांचा जो चिखल तळाशी बसतो तो पाण्याहून जड असतो, आणि पाऊस थांबला तरी तो तिथेच राहतो. पहिल्या वर्षी पन्हळ बोटभर खाली येते. तिथे पाणी साचतं. साचलेल्या पाण्यात गाळ बसतो. गाळाचं वजन पन्हळीला आणखी खाली ओढतं, मग आणखी पाणी, आणखी गाळ. म्हणून पहिली पाच वर्षं काही दिसत नाही आणि मग दोन पावसाळ्यांत झोळी होते. गाळात पिंपळाचं किंवा वडाचं रोप उगवलेलं दिसलं तर समजायचं की तिथे बरेच दिवस कोणी हात घातलेला नाही.

मामंजींचा बांबू आता काढायला हवा, आणि तो का, हे त्यांना नीट समजावून सांगा, नाहीतर त्यांना वाईट वाटेल. त्यांनी काळजीपोटीच दिला आहे. पण मधोमध एकाच जागी खालून रेटा दिला की तिथे उंचवटा होतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन नव्या झोळ्या तयार होतात. शिवाय बांबूचा बुडखा ओल्या मातीत रोज थोडा रुतत जातो, आणि वीस माणसांच्या येण्याजाण्यात कोणाचा तरी धक्का लागला की सगळं डोक्यावर येईल.

गणपतीपर्यंत पक्कं काम होणार नाही. भर पावसात ओल्या लाकडात केलेलं काम टिकत नाही, आणि गडीमाणसंही यावेळी मिळत नाहीत. तेव्हा तात्पुरतं करून घ्या, आणि इथे तुमच्या सुतारांची तार उपयोगी आहे. आधी पन्हळ पूर्ण रिकामी करायची, गाळ हाताने ओरबाडून बादलीत घ्यायचा, खराट्याने ढकलून पाइपात नाही. मग जिथे दोन क्लॅम्पच्या मधे झोळी आहे तिथे जाड जी.आय. (जस्त चढवलेल्या) तारेचा पाळणा करून पन्हळ वर घ्यायची. तार वाशाला बांधायची, कौलांखालच्या आडव्या रिपेला चुकूनही नाही, रीप कौलांसकट ओढली जाईल. आणि तार जिथे पन्हळीखालून जाते तिथे जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी घालायची, नाहीतर तार पीव्हीसीत रुतून त्याला चिरते. असे पाच-सहा पाळणे पुरतील. वर घेताना एकदम नको, थोडं थोडं, आणि पाणी ज्या टोकाला उतरतं त्या टोकाकडे किंचित उतार राहील असं.

पण पायऱ्यांवरचे वासेच कुजलेले निघाले, तर तार कशाला बांधणार? मग तेवढा दहा-बारा फुटांचा तुकडा सरळ कापून काढून ठेवा. पन्हळ नसली तर पागोळ्या पडतील, बाकी काही होत नाही. आपल्या आजोबांच्या घरांना पन्हळी होत्याच कुठे? वळचणीचं पाणी जिथे पडतं तिथे ओळीने खडी किंवा चिऱ्याचे तुकडे पसरले की चिखल उडत नाही. पायऱ्यांपुरता ताडपत्रीचा छोटा मांडव घातला की मूर्ती कोरडी घरात येईल. डोक्यावर ८५ किलो लोंबत ठेवून आरती करण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

पक्कं काम दिवाळीनंतर करा. लाकडाला महिनाभर कोरडी हवा मिळू दे. पुन्हा येऊन वेळ काढणं जमत नसेल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात करा, पण मृग लागायच्या तोंडावर नको. तेव्हा सगळ्या तालुक्याला एकदम कौलं आणि पन्हळी आठवतात आणि कारागीर घाईत काम उरकतात.

सुरुवात लाकडापासून. ज्या वाशाचं फक्त टोक कुजलं आहे तो अख्खा बदलायची गरज नसते. कुजका भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून टाकायचा आणि वाशाच्या बाजूला चिकटून किंजळाचा किंवा ऐनाचा नवा तुकडा लावायचा. जुन्या चांगल्या लाकडाच्या अंगाला तो किमान तीन फूट लागला पाहिजे आणि नट-बोल्टने आवळला पाहिजे, नुसत्या खिळ्यांनी नाही. कापलेली टोकं उघडी ठेवायची नाहीत. पाणी लाकडात शिरतं ते सगळ्यात जास्त कापलेल्या तोंडातून. आपल्याकडे काजूच्या टरफलांचं तेल लावायची जुनी पद्धत आहे आणि ती वाळवीला चांगलीच आवरते, फक्त ते तेल कातडीला भाजतं, हातमोजे घालूनच लावायला सांगा.

वासे का कुजले, याचं उत्तरही तिथेच शोधा. बहुतेक वेळा शेवटच्या ओळीची कौलं पन्हळीत पुरेशी पुढे आलेली नसतात. कौलाचं नाक पन्हळीच्या आत दोन इंच यायला हवं. ते काठावरच संपत असेल तर पाणी कौलाच्या खालच्या अंगाने मागे वळतं आणि वाशाचं टोक भिजवत राहतं. कौलं पुढे सरकवता येत नसतील तर शेवटच्या ओळीखाली पत्र्याची पट्टी सरकवून तिची खालची कड पन्हळीत सोडायची. हे केलं नाही तर नवा वासाही पाच-सात वर्षांत त्याच वाटेने जाईल.

यानंतर क्लॅम्प. प्रत्येक वाशाला एक, सोडून सोडून नाही. दोन फुटांच्या वर अंतर जाता कामा नये, म्हणजे तुमच्या पडवीला सतरा. पट्टी इंचभर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड, गॅल्व्हनाइझ केलेली. प्रत्येकाला दोन स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, एकाच रेषेत नाही, थोडे तिरके एकमेकांपासून, नाहीतर वासा त्या रेषेवर चिरतो. स्क्रू दीड इंच तरी चांगल्या लाकडात गेला पाहिजे. आधी बारीक भोक पाडून मग आवळायचे. क्लॅम्पची पुढची कड मागच्या कडेपेक्षा पेराएवढी खाली ठेवायला सांगा. एखाद्या ढगफुटीसारख्या सरीत पन्हळ भरून वाहिलीच, तर पाणी अंगणात पडावं, भिंतीकडे येऊ नये.

आता उतार. इथे मी तुम्हाला आहे तेच पुन्हा करायला सांगणार नाही. ३२ फुटांचं सगळं पाणी एकाच टोकाला, तेही तीन इंची पाइपातून उतरवायचं, हे आपल्या पावसाला झेपत नाही. हिशेब करून पाहा. पडवीचा पाखा आडव्या मापाने १४ फूट धरला तर जवळपास ४२ चौरस मीटर होतात. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हवामान खातं २४ तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा जास्त पावसाला अत्यंत मुसळधार पाऊस म्हणतं, आणि असे दिवस रत्नागिरी जिल्ह्याला नवे नाहीत. त्या दिवशी तुमच्या पन्हळीतून आठ हजार लिटरच्या वर पाणी जायचं असतं. तेही दिवसभर सारखं नाही, एकेका सरीत दणकून.

म्हणून मध्य उंच ठेवा आणि दोन्ही टोकांकडे उतार द्या, दोन्ही टोकांना चार इंची पाइप. चार इंची पाइपाचं तोंड तीन इंचीच्या जवळपास पावणेदोन पट असतं. यात तुमच्या घराचा आणखी एक फायदा आहे. पायऱ्या मध्यावर आहेत, आणि मध्य हीच पन्हळीची सगळ्यात उंच आणि सगळ्यात कमी पाण्याची जागा होईल. उतार दहा फुटांना अर्धा इंच पुरे, म्हणजे मध्यापासून टोकापर्यंतच्या १६ फुटांत पाऊण इंचाच्या थोडा वर. डोळ्याने तो दिसणारही नाही आणि डोळ्याने तो काढायचाही नाही. पारदर्शक लेव्हल पाइपात पाणी भरून, आत हवेचा बुडबुडा नाही ना हे बघून, मधल्या वाशावर आणि टोकाच्या वाशांवर खुणा करायच्या. तीन क्लॅम्प त्या खुणांवर बसवायचे, त्यांना लाइनदोरी ताणायची आणि बाकीचे चौदा दोरीला टेकतील असे लावायचे. कौलांच्या ओळीकडे बघून उतार काढणारा कारागीर असेल तर त्याला थांबवा. जुन्या घराची वळचण कुठेही सरळ नसते.

पन्हळ कोणती घ्यायची? अ‍ॅल्युमिनियम वाईट नाही, पण तुम्हाला त्याची गरज वाटत नाही. पीव्हीसीची तयार पन्हळ, वळवलेल्या कडांची, पुरेशी आहे. जुन्या पाइपातले सरळ राहिलेले तुकडे मागच्या गोठ्याला किंवा न्हाणीघराला लावून टाका. एक गोष्ट मात्र कारागिराला आवर्जून सांगा. पीव्हीसी उन्हात लांबतं. १६ फुटांचा तुकडा ३० अंशांच्या फरकाला पाऊण-एक सेंटिमीटर वाढतो. क्लॅम्पमध्ये तो जखडून टाकला आणि दोन्ही टोकं सिमेंटने बंद केली, तर तो वाढायला जागा शोधतो आणि मधेच फुगवटा येतो किंवा सांधा उकलतो. क्लॅम्पमध्ये पन्हळ बसली पाहिजे, आवळली जाता कामा नये. सांध्यांना रबरी पट्टीचा जोड घ्या.

पाइपाच्या तोंडावर जाळी बसवायची तर ती फुगलेली, चेंडूसारखी घ्या. सपाट जाळीवर फणसाचं एक पान येऊन बसलं की सगळी पन्हळ तुंबते. पन्हळीवर आलेल्या आंब्याच्या फांद्या छाटून घ्या. पाला तर कमी होईलच, शिवाय वानरांची उडी थेट पन्हळीवर पडणार नाही. त्या उडीला कोणतीच पन्हळ पुरत नाही.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी मध्यावर दोन्ही बाजूंना दोन-दोन बादल्या पाणी ओतून बघायला सांगा. पाणी उतरून गेल्यावर तळाशी ओल राहील, डबकं राहता कामा नये. तळहाताएवढं डबकं जिथे दिसेल तिथला क्लॅम्प त्याच दिवशी वर घ्यायचा. नंतर वर्षातून तीनदा सफाई पुरते. एकदा मेच्या शेवटी, एकदा पहिल्या पंधरा दिवसांच्या पावसानंतर, कारण कौलांवरची वर्षभराची घाण तेव्हाच खाली येते, आणि एकदा गणपतीआधी.

जोत्याजवळच्या ओल्या कोपऱ्याबद्दल तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंत. तो कोपरा पाइप उतरतो त्याच टोकाचा आहे का, हे विचारून घ्या. असेल तर कोडं उरत नाही. पाइपाचं तोंड जोत्याच्या पायथ्याशीच सोडलेलं असणार. चिरा सच्छिद्र दगड आहे, पाणी पितो, आणि ओल हळूहळू वर चढते. पाइपाला खाली बाक लावून चार-पाच फूट लांब न्या आणि पुढे चर काढून पाणी पऱ्याकडे (ओढ्याकडे) सोडा. हे काम पावसातही करता येतं, गणपतीआधीच करून घ्या. भिंतीला गिलावा किंवा रंग इतक्यात काढू नका. ती आतून वाळायला पूर्ण एक उन्हाळा जाऊ दे.

कोणाचं ऐकू, असं विचारलंत. तुमच्या सुतारांनाच बोलवा, ते गावातले आहेत आणि लाकूड ओळखतात. फक्त काम सांगताना ‘पन्हळ दुरुस्त करा’ असं मोघम सांगू नका. कुजलेले वासे किती, नवे तुकडे किती, क्लॅम्प सतरा, पाइप दोन, उतार मध्यापासून दोन्हीकडे, असं कागदावर लिहून मामंजींच्या हाती द्या. शिडीवर चढायचं नाही म्हटल्यावर त्यांनाही काही काम हवंच. खाली खुर्ची टाकून तो कागद घेऊन बसले आणि एकेक क्लॅम्प मोजत गेले, तर ते काम त्यांच्याइतकं चोख दुसरं कोणी करणार नाही.